जीपीएसचं खरं काम मे महिन्यात

मासेमारीसाठी हातातला जीपीएस घेणारे बहुतेक जण तो दसऱ्याच्या आसपास, धरण भरल्यावर घेतात आणि होडीत बसून खुणा मारायला लागतात. हे उलटं आहे. जायकवाडीच्या नाथसागरात जीपीएसचं निम्मं काम मार्च ते मे या दिवसांत, काठानं पायी करायचं असतं. भरल्या पाण्यावरून तळ दिसत नाही. उतरलेल्या पाण्यात तो समोर उघडा पडलेला असतो: बुडालेल्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं, जुने बांध. गळ टाकणाऱ्याला हीच ठिकाणं हवी असतात, कारण मासा आडोशाला थांबतो. जाळंवाल्याला तीच टाळायची असतात, कारण जाळं तिथंच अडकून फाटतं. खूण दोघांनाही लागते.

खूण मारताना यंत्र छातीच्या उंचीवर, आकाश मोकळं दिसेल असं धरा. ‘वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग’ (एकाच खुणेची अनेक मोजमापं घेऊन सरासरी काढणं) असेल तर एक-दोन मिनिटं थांबा. उघड्यावर साधं यंत्र ३ ते ५ मीटरपर्यंत जागा दाखवतं. कित्येक महिने बंद असलेलं यंत्र लगेच उपग्रह पकडत नाही. उपग्रहांची पूर्ण यादी नव्यानं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते एका जागी उघड्यावर ठेवा, चालत राहू नका.

यंत्र जागा सांगतं, तिथं पाणी किती ते सांगत नाही. स्क्रीनवरच्या उंचीवर तर अजिबात विसंबू नका, ती १०-१५ मीटरनं सहज चुकते. त्यापेक्षा धरणाची पातळी वापरा. ती रोज फुटांत जाहीर होते, पूर्ण भरल्यावर १५२२ फूट. पाणी संथ असेल तेव्हा काठाची रेघ म्हणजे त्या दिवसाची पातळी. धरण १५१० फुटांवर असताना ट्रॅक (चाललेल्या वाटेची यंत्रातली नोंद) चालू करून पाण्याच्या कडेनं चाला. ती रेघ भरल्या धरणात बरोबर १२ फूट पाण्याखाली असते आणि पातळी १५१८ असेल त्या दिवशी ८ फूट. पाणी तीन-तीन फूट उतरेल तशी एकेक फेरी मारली की मेअखेर तुमच्या भागाचा खोलीचा नकाशा घरीच तयार. ट्रॅक १० मीटरला एक बिंदू असा लावा. साध्या यंत्रात १०,००० बिंदू मावतात, म्हणजे १०० किलोमीटर झाले. प्रत्येक फेरी वेगळी सेव्ह करून नावात पातळी घाला, नाहीतर महिनाभरानं कुठली रेघ कधीची ते कळणार नाही.

फेरी सकाळी, वारा पडलेला असताना मारा. वाऱ्यानं पाणी एका काठावर चढतं. वरून पूर येत असताना मारू नका, तेव्हा शेपटाकडचं, म्हणजे नदी धरणात शिरते तिकडचं पाणी धरणाजवळच्या पातळीत नसतं. आणि ओल्या गाळात उतरायचं नाही. वर पापुद्रा सुकलेला दिसतो, खाली मांडीपर्यंत पाय जातो.

विहिरीचा कठडा पाण्याच्या वर असेल तर गवंड्याची लेव्हल नळी आणा. पाण्यापासून कठड्यापर्यंत १०-१५ मीटरच्या टप्प्यांनी उंची घ्या. पाणी १५०० वर आणि कठडा त्याच्या ४ फूट वर, म्हणजे कठडा १५०४. बहुतेक यंत्रांत इंग्रजी अक्षरंच टाइप होतात, म्हणून विहिरीला ‘व्ही’, खोडाला ‘के’ आणि पुढं पातळी. ‘व्ही १५०४’ एवढं वाचलं की कळतं: आज १५१८ असेल तर कठड्यावर १४ फूट पाणी आहे, १० फूट खोल सुटणारं तरतं जाळं वरून निघून जाईल, तळाचं जाळं मात्र अडकणार.

होडीतून खुणेवर परत येताना बाणापेक्षा अंतराचा आकडा बघा. साध्या यंत्राला दिशा चालण्यावरून कळते. वल्ह्याच्या चालीत किंवा थांबल्यावर बाण गरगर फिरतो. आकडा १० मीटरच्या आत आला की खुणेचा पाठलाग सोडा. मारताना ५ मीटर आणि परतताना ५ मीटर चूक धरली तर तेवढं अंतर राहणारच. तिथं दगड बांधलेली रिकामी बाटली टाका, दोरी खोलीच्या सव्वापट ठेवा आणि बाटलीभोवती वजनाच्या दोरीनं चाचपा. ‘गो टू’ (खुणेकडे जायची दिशा दाखवणारी सोय) सरळ रेघ दाखवतं, मध्ये बेट आहे का हे त्याला ठाऊक नसतं. थंडीतल्या धुक्यात परतायचं असेल तर आलेल्या वाटेचाच ट्रॅक धरा.

आकडे फोनवर सांगताना होणारी चूक नेहमीची. यंत्रात १९ अंश २९.५०० मिनिटं असं दिसतं, ऐकणारा १९ अंश २९ मिनिटं ५० सेकंद असं लिहून घेतो. साडेएकोणतीस मिनिटं म्हणजे २९ मिनिटं ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, पाण्यावर सहाशे मीटरपेक्षा जास्त. दोघांची यंत्रं एकाच पद्धतीवर आणि डेटम (आकडे ज्या पायावर मोजले जातात तो) डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवा.

रिचार्जेबल सेल घातले तर मेनूत तो प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीची पट्टी खोटी बोलते. पावसाळ्यात यंत्र कपाटात जाणार असेल तर सेल काढून ठेवा; साधे सेल गळतात आणि पत्र्या खातात. यंत्रावर लिहिलेला पाण्यापासून बचावाचा दर्जा ‘आयपीएक्स ७’ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, तेही झाकणाच्या रबरावर वाळूचा कण नसेल तर. तरंगण्याची हमी त्यात नाही, म्हणून यंत्राला दोरी आणि दोरीला थर्माकोलचा तुकडा बांधा. लाइफ जॅकेट वेगळं, ते अंगावरच.

काही यंत्रांत चंद्र-सूर्यावरून शिकार आणि मासेमारीची वेळ सांगणारं पान असतं. शिकारीचा भाग आपल्याकडे सोडून द्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे. जायकवाडी पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा जाळं कुठं टाकता येतं हे आधी मच्छीमार संस्थेत आणि वन खात्यात विचारा, आणि सांगितलेली हद्दसुद्धा ट्रॅक म्हणून यंत्रात घालून ठेवा.