वर्षाला चौतीस मिलिमीटर

कॅलिफोर्नियातील कारिझो मैदानात वॉलेस क्रीक नावाचा एक लहान, बहुतेक काळ कोरडाच असणारा ओढा आहे. टेकडीवरून तो सरळ उतरतो, सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या (म्हणजे खडकातील अशा तड्याच्या, ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकतात) रेषेवर येताच जवळजवळ काटकोनात वळतो, त्या रेषेच्या कडेने सुमारे १३० मीटर जातो आणि पुन्हा वळून आपली मूळ दिशा धरतो. ओढ्याने वळण घेतले असे आपण म्हणतो खरे. पण सरकली ती त्याच्या खालची जमीन, आणि ओढा फक्त तुटलेल्या पात्राची दोन टोके जोडत राहिला. हे १३० मीटर सरकायला सुमारे ३,७०० वर्षे लागली, असे तेथील गाळात सापडलेल्या कोळशाच्या कालमापनावरून ठरवण्यात आले आहे. त्यावरून सरकण्याचा सरासरी वेग वर्षाला सुमारे ३४ मिलिमीटर धरला जातो.

या आकड्याची तुलना हमखास नखांच्या वाढीशी केली जाते, आणि मला ती तुलना दिशाभूल करणारी वाटते. नखे रोज वाढतात. प्रस्तरभंगाचा हा भाग मात्र ९ जानेवारी १८५७ च्या भूकंपात काही क्षणांत कित्येक मीटर सरकला आणि त्यानंतर आजतागायत जागचा हललेला नाही. चौतीस मिलिमीटर ही फक्त सरासरी आहे. त्या वेगाने ही जमीन कोणत्याही एका वर्षी सरकलेली नाही. (कित्येक मीटर असे मोघम लिहिण्यालाही कारण आहे. १८५७ चा सरकाव तेथे नऊ मीटरांहून अधिक मानला जात असे. २०१० मध्ये लेसरने केलेल्या बारीक सर्वेक्षणानंतर तो पाच मीटरांच्या आसपास आला. लहान घळींच्या खुणा वाचताना दोन भूकंपांची बेरीज एकाच्या नावावर जमा झाली होती.)

पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, मात्र थांबत नाहीत. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना घट्ट धरून असतात, त्यामुळे दूरची जमीन सरकत राहते आणि जवळचा खडक वाकत जातो. घर्षण हरले की वाकलेला खडक एकदम सरळ होतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाच्या आधीची आणि नंतरची मोजमापे ताडून अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी ही उपपत्ती मांडली आणि ती आजही भूकंपशास्त्राचा पाया आहे.

जमीन खचून झालेल्या खचदऱ्या, वर उचलले गेलेले गटपर्वत, पर्वतपायथ्याशी सरळ रेषेत उभे असलेले कडे हे सगळे अशाच मोजक्या दिवसांची बेरीज असते. दोन भूकंपांच्या मधल्या शतकांत पाऊस आणि नद्या ती बेरीज खोडत असतात. कडा अजून धारदार असेल तर तो ताजा असतो. त्याचा माथा गोलसर झाला असेल तर मध्ये बराच काळ गेलेला असतो.

असा एक दिवस नोंदला गेला तो १६ जून १८१९ रोजी, कच्छच्या रणात. भूकंपानंतर सपाट रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा आणि काही ठिकाणी सहा मीटरांपर्यंत उंच असा उंचवटा उभा राहिला. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि सिंधूच्या एका जुन्या फाट्याची वाट अडली. तेथील लोकांनी त्याला अल्लाबंद हे नाव दिले: माणसांनी बांधलेले बंधारे वेगळे आणि हा वेगळा. १८२६ मध्ये सिंधूला आलेल्या पुराने तो बंध फोडून आपली वाट पुन्हा मोकळी केली. उंचावणारी जमीन आणि कापणारे पाणी यांची लढत एरवी लाखो वर्षे चालते. इथे तिची एक फेरी सात वर्षांत उरकली.

पाणी अडण्याचा हा प्रकार डोंगराळ भागात अधिक धोकादायक ठरतो. पामीरमध्ये १९११ च्या भूकंपाने एक अख्खा डोंगरउतार मुर्गाब नदीत ढकलला. साडेपाचशे मीटरांहून उंच असा तो नैसर्गिक बांध आजही उभा आहे आणि त्यामागे सारेझ सरोवर भरलेले आहे. हादरा एकदाच बसला, पण खालच्या खोऱ्यातील गावांवरची टांगती तलवार शंभर वर्षांनंतरही हटलेली नाही.

मग माणसे प्रस्तरभंगापासून दूर का राहत नाहीत? कारण बऱ्याचदा पाणी तिथेच असते. घासून पीठ झालेला खडक चिकणमातीसारखा भूजल अडवतो, आणि रखरखीत प्रदेशात वस्ती होऊ शकते ती अशाच ठिकाणी. इराणमधील बाम हे खजुराच्या बागांचे शहर अशाच अडलेल्या भूजलावर, भुयारी कालव्यांच्या आधाराने वाढले. २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात तेथे २५ हजारांहून अधिक माणसे मेली. तेथील बहुतेक घरे कच्च्या विटांची होती, हे विसरून चालणार नाही.

प्रस्तरभंगाचा दिवस सांगता येत नाही, पण जागा बऱ्याचदा सांगता येते. अलास्कातील तेलवाहिनी १९७० च्या दशकात डेनाली प्रस्तरभंगावरून नेताना अभियंत्यांनी तेवढ्या टप्प्यात ती जमिनीत पुरली नाही किंवा खांबांवर जखडली नाही. लांब आडव्या तुळयांवर मोकळी सरकेल अशी, नागमोडी ठेवली. ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ तीव्रतेच्या भूकंपात तिच्या खालची जमीन चार मीटरांहून अधिक सरकली. वाहिनी तुळयांवर घसरली, काही आधार मोडले, आणि तेलाचा एक थेंबही सांडला नाही.