बॅटन किती लावायचे? घरच्या ग्रो लाइटचा हिशोब

२० वॅटच्या एलईडी बॅटनच्या खोक्यावर वॅट, लुमेन आणि केल्विन (उजेडाची छटा) असे तीन आकडे असतात. झाडांसाठी लाइट घेणारा बहुतेक वेळा वॅटच बघतो, आणि तिथेच घोळ होतो. वॅटवरून फक्त वीज किती खाल्ली ते कळतं. उजेड किती निघाला ते लुमेनवरून काढता येतं, पण एक पायरी मध्ये आहे. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला झुकतं माप देतो. पानाचा हिशोब फोटॉनवर, म्हणजे उजेडाच्या कणांवर चालतो, ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीमधल्या.

पांढऱ्या एलईडीपुरतं रूपांतर सोपं आहे. लुमेनला ७० ने भागा, की सेकंदाला किती मायक्रोमोल (फोटॉन मोजायचं एकक) फोटॉन निघतात ते मिळतं. याला पीपीएफ म्हणतात. वॉर्म व्हाइट आणि कूल डेलाइटमध्ये हा भाजक थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याने बॅटनची संख्या बदलत नाही. २००० लुमेनचा २० वॅटचा बॅटन म्हणजे साधारण २८.५ मायक्रोमोल, वॅटमागे १.४. सॅमसंगच्या एलएम३०१एचसारखी चांगली एलईडी कमी करंटवर चालवली तर वॅटमागे ३ च्या आसपास देते. याच कारणामुळे दोन '५० वॅट' लाइटांच्या उजेडात दुपटीचा फरक पडू शकतो.

आता रॅक घेऊ. एक कप्पा १२० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. लेट्युस आणि मेथीसाठी दिवसाला चौरस मीटरमागे १२ मोल धरा. हा झाला डीएलआय, म्हणजे झाडाचं दिवसाचं रेशन. टोमॅटो-मिरचीला २० च्या पुढे लागतो, त्यामुळे एवढ्याशा कप्प्यात त्यांच्या नादी लागू नये.

लाइट १६ तास चालणार असेल तर १२ ÷ (१६ × ०.००३६) = २०८. पानांच्या उंचीवर चौरस मीटरमागे सेकंदाला इतके मायक्रोमोल पडायला हवेत, हा पीपीएफडी. ०.००३६ कुठून आला? तासाचे ३६०० सेकंद आणि दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल, बस्स.

२०८ × ०.३६ = ७५ मायक्रोमोल पानांवर पोचायला हवेत. पण बॅटनमधून निघालेलं सगळं पानावर पडत नाही. कप्प्याच्या कडांना पांढरा रंग किंवा थर्माकोल असेल तर ७० टक्के धरा, उघड्या रॅकला ५० च धरलेले बरे. ७५ ÷ ०.७ = १०७, आणि १०७ ÷ २८.५ = ३.७५. म्हणजे चार बॅटन, साडेसात सेंटिमीटर अंतराने, पानांपासून सुमारे २० सेंटिमीटर वर. खर्च दिवसाला १.२८ युनिट, महिन्याला ३८. तोच उजेड वॅटमागे २.५ देणाऱ्या पट्ट्यांतून काढला तर ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) तूट धरूनही ५० वॅटमध्ये भागतं, महिन्याला २४ युनिट. पट्ट्यांच्या जादा किमतीशी हा फरक ताडून बघायचा.

कडांचा पांढरा रंग लोक शेवटी, जमलं तर करतात. तो आधी करावा. उघड्या रॅकला हाच हिशोब सव्वापाच बॅटनवर जातो. एका बॅटनपेक्षा जास्त उजेड रंगाच्या डब्यातून मिळतोय! चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा साधा मॅट पांढरा बरा.

लावून झालं की लक्स मीटरने तपासा. पानांच्या उंचीवर नऊ ठिकाणी मोजा, चारही कोपऱ्यांसकट, आणि सरासरी काढा. लक्स म्हणजे चौरस मीटरमागे लुमेन, त्यामुळे त्यालाही ७० नेच भागायचं. वरच्या मांडणीत १५,५०० लक्सच्या आसपास यायला हवं. ११,००० आलं तर पीपीएफडी १५७ आणि डीएलआय ९. मेथी उगवेल, पण लांबुडकी आणि फिकी. मोबाइलचं ॲप दोन कोपऱ्यांची तुलना करायला ठीक, नेमक्या आकड्यासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

गुलाबी-जांभळ्या लाइटला मात्र लक्स मीटर लावूच नका. ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडात एका मायक्रोमोलमागे मीटर जेमतेम साडेसात लक्स दाखवतो, निळ्यातही तेवढंच. पांढऱ्याच्या जवळजवळ एक दशांश! 'मीटरवर काहीच येत नाही' म्हणून लाइट खाली आणला की पानं करपतात. उलट, खिडकीतल्या दिवसाच्या उजेडासाठी भाजक ५४ घ्या. पावसाळ्यात गॅलरीत मीटर ३००० दाखवत असेल तर ते ५५ मायक्रोमोल. तसे दहा तास मिळाले तर २ मोल. एवढे रेशनमधून वजा करायला हरकत नाही.

आता वॅटची फसवाफसवी. ऑनलाइन '१००० वॅट' म्हणून येणारा पॅनेल म्हणजे बऱ्याचदा १० वॅटचे म्हणवणारे १०० मणी, म्हणजे सुट्या एलईडी. प्रत्यक्षात भिंतीतून ओढतो शंभरेक वॅट. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर घ्या. क्लॅम्प मीटरने ०.४ अँपिअर आले म्हणून २३० ने गुणून ९२ वॅट म्हणू नका. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) ०.५५ असेल तर खरे वॅट ५० च. सुट्या '३ वॅट' मण्याचंही तसंच: ७०० मिलीअँपिअर गुणिले ३.२ व्होल्ट म्हणजे सव्वादोन वॅट.

१२ व्होल्टची चिकटपट्टी घेणाऱ्यांनी एवढं पाहावं. तिच्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी ओळ असते. एलईडी ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ रेझिस्टरमध्ये तापतात. पाव वीज तिथेच गेली. त्यातून पाच मीटरच्या टोकाला व्होल्टेज उतरून १०.५ झालं की रेझिस्टरवर दीडच व्होल्ट उरतो, म्हणजे करंट निम्मा आणि उजेडही जवळपास निम्मा. मल्टिमीटर टोकाला लावून पाहा. दोन्ही बाजूंनी सप्लाय दिला की बराच फरक पडतो. झाडांसाठी पट्टी जोडायचीच तर कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर चालणारी घ्यावी.

उजेड वाढवायला बल्बची पांढरी टोपी काढण्याची एक युक्ती फिरते. मिळतो थोडाफार, पण स्वस्त बल्बमधला ड्रायव्हर बहुधा आयसोलेटेड नसतो, म्हणजे उघड्या एलईडीवर थेट मेन्सचा करंट. शेजारी पाण्याचा फवारा. नकोच. रॅकच्या लायनीवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच आणि लोखंडी रॅकला अर्थिंग.

कोथिंबीर असेल तर वरचे १६ तास विसरा. मोठ्या दिवसात ती लवकर फुलावर येते. १२ तास धरून तोच हिशोब मांडला तर पीपीएफडी २७८, पानांवर १०० मायक्रोमोल, बॅटनमधून १४३, म्हणजे पाच बॅटन. युनिट दिवसाला १.२ च. एक बॅटन जास्त विकत घ्यावा लागतो, बिल वाढत नाही.