चिलखत चढवताना

आज दिवसभर कादंबरीतील तरुण स्त्रीयोद्धा लढाईला निघते त्या प्रसंगावर काम केले आणि सारा वेळ तिला चिलखत चढवण्यातच गेला. राज्य काल्पनिक असले की काहीही खपते, असे अनेकांना वाटते. मला ते मुळीच पटत नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलो वजनाचे असे, परंतु तो भार अंगभर विभागलेला असल्याने सराव असलेला योद्धा ते घालून धावू शके, स्वतःच घोड्यावर चढू शके. खरी अडचण पट्टे आवळण्याची, त्यासाठी दुसरे माणूस लागतेच. म्हणून तिच्याजवळ एक वयस्क मदतनीस उभा केला. तो बक्कल लावताना तिच्या नजरेला नजर देत नाही, कारण हेच चिलखत त्याने पूर्वी तिच्या भावाच्या अंगावर चढवले होते. (छातीला उभार दिलेले चित्रांतले चिलखत मी साफ नाकारले, त्याने वार निसटण्याऐवजी मधोमध वळेल.) १४२९ मध्ये फ्रान्समधील ऑर्लेआंच्या लढाईत जोन ऑफ आर्क या फ्रेंच स्त्रीयोद्ध्याला मान आणि खांद्याच्या मध्ये बाण लागला होता, तरीही ती त्याच दिवशी पुन्हा रणात उतरली. माझ्या नायिकेची पहिली जखमही तिथेच असेल.