बसता न येणारे बाबा

बाबा आमटेंचा विषय निघाला की लोक आनंदवनाबद्दल बोलतात, मला मात्र आधी त्यांची पाठ आठवते. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसताच यायचं नाही, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, मधलं काही नाहीच. आणि असा माणूस 1985 मध्ये, सत्तरीत, भारत जोडो म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघतो, तरुण पोरं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे!

'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' वाली भाषणं मला म्हणूनच पटत नाहीत. बाबांची पाठ काही इच्छाशक्तीने बरी झाली नाही ना. ती तशीच राहिली, आणि कामही चालूच राहिलं.

1949 ला वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं ते कुष्ठरोग्यांच्या श्रमातून. या आजारात हात बधिर होतात, चटका बसला तरी कळत नाही, मग अवजाराच्या मुठीला कापड गुंडाळायचं आणि काम झालं की दोन्ही हात नीट निरखून बघायचे, कुठे फोड आलाय का, कुठे चिरलंय का, रोज. हे रोजचं बघणं मला फार मोठं वाटतं, भाषणांपेक्षा कितीतरी.

आमच्या आईचे गुडघे गेलेत, वारी आता होत नाही तिच्याने. पण दिंडी गावात मुक्कामाला आली की ही देवळाच्या ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसते, वारकरी बायकांचे पाय चोळून देते. यंदा मीही बसणार आहे शेजारी.