दारातला कान

रात्री जेवणं आवरून जपानीची वही उघडली. डोळा, कान, तोंड ही चिन्हं मागच्या आठवड्यात गिरवून झाली होती. आज त्यांच्यापासून बनलेल्या कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं. 'किकु' म्हणजे ऐकणे. दोन झडपांचं दार आणि त्याच्या आत कान! दाराच्या 8 रेघा, कानाच्या 6. कानाची उभी रेघ जरा लांबली की दाराबाहेर डोकावते, म्हणून अख्खं पान भरलं. याच 'किकु'चा अर्थ विचारणे असाही होतो, आणि मोठ्यांचं ऐकणे असाही, अगदी आपल्या 'आईचं ऐक'सारखा. शिवाय 'कोदो' या सुगंधाच्या कलेत सुगंधी लाकडाचा वास घेतला म्हणत नाहीत, 'ऐकला' म्हणतात. हे वाचून मी पेन खालीच ठेवलं. किती सुंदर!

मग 'कान्गो'मधलं पहिलं चिन्ह. डोळ्यावर आडवा हात. एसटीची वाट बघताना आजी अंगणात कपाळाशी हात धरून उभी राहायची, तस्संच. कान्गो म्हणजे रुग्णाची शुश्रूषा. आजीच्या शेवटच्या आजारपणात आई रात्ररात्र तिच्या उशाशी बसून तिच्याकडे बघत असायची.

हे एकच चिन्ह उद्या पुन्हा लिहिणार आहे, सावकाश.