पाहुणीचे नाक

पणजीत मांडवीच्या काठालगतच्या एका जुन्या हॉटेलात हाउसकीपिंगची जबाबदारी मी गेली 19 वर्षे सांभाळते. गेल्या जुलैत दुसऱ्या मजल्यावर उतरलेल्या पुण्याच्या एक वयस्क बाई खाली आल्या आणि कपाटाला कुबट वास येत असल्यामुळे आपल्याला खोली बदलून हवी, असे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. मी स्वतः वर गेले, कपाट उघडून आत डोके घातले आणि वास अजिबात नाही, असे त्यांना छातीठोकपणे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब चुकता करून त्या निघून गेल्या.

त्या महिन्यातली ती तिसरी तक्रार होती. आमच्या मालकांना आम्ही सगळे पात्रांव म्हणतो. ते रागावले नाहीत, पण त्यांनी मला बोलावून विचारले, "बाई, इतक्या वर्षांत तुम्ही एक रात्र तरी हॉटेलात पाहुणी म्हणून राहिला आहात का?" मी राहिले नव्हते. सांखळीला माहेर, फोंड्याला सासर, आणि नात्यातल्या लग्नांना गेले तर कुणाच्या तरी माजघरात अंथरूण, एवढाच माझा मुक्कामाचा अनुभव होता. त्यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या जुन्या इमारतीत माझ्यासाठी एका रात्रीची खोली घेतली आणि समुद्राच्या तोंडावर शंभराहून अधिक पावसाळे काढलेली इमारत कशी राखतात ते पाहून या, असे बजावले. कामावरच पाठवणी झाल्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या बेताच्या वेगाने धावतात, त्यामुळे कोकणकन्येत विचार करायला वेळ भरपूर मिळाला. आमच्या गोव्यातल्या माणसांना ताज नवे नाही. धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावागावांनी चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून मुंबईतल्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत आणि वाद्यवृंदांत पोट भरणारे गोंयकार कितीतरी होते. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणून ओळखत, त्यांचा ट्रम्पेट चाळीसच्या दशकात याच ताजमध्ये वाजत असे. मात्र ही सगळी माणसे मागच्या दाराने आत जाणारी होती. पुढच्या दाराने आत जाताना माझे पाय अडखळले, हे कबूल केलेले बरे.

जमशेटजी टाटांचे हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते 1924 साली पुरे झाले. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता आणि वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वाला नेले. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या दुःखाने वास्तुरचनाकाराने जीव दिला, ही कथा मीही लहानपणी ऐकली होती, पण ती खरी नाही. पूर्वी प्रवेश शहराच्या बाजूने होता, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे, आणि समुद्राची बाजू खोल्यांसाठी राखली होती. घुमटाखालच्या जिन्यात उभी राहून मी बराच वेळ वर पाहत राहिले. कठड्याच्या कोपऱ्यांत धूळ सापडते का, हेही मी बोट फिरवून पाहिले. सापडली नाही.

पहिल्या महायुद्धात या हॉटेलचे 600 खाटांचे इस्पितळ झाले होते. वाचणाऱ्याला त्यात इतिहास दिसेल. मला मात्र 600 खाटांच्या चादरी दिसल्या, आणि मुंबईच्या जुलैत त्या कोण धूत असेल व कुठे वाळवत असेल, या प्रश्नाने मी हैराण झाले. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात येथे 31 जणांचे प्राण गेले. त्यांत पाहुण्यांबरोबर कर्मचारीही होते. आगीत होरपळलेली ही जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडली. स्मारकावरची नावे वाचल्यावर धूळ शोधणारे बोट मी मुकाट्याने पदराआड घेतले.

रात्री झोप लागली नाही. गादी उत्तम होती, परंतु दुसऱ्याने घातलेल्या चादरीच्या घड्या तपासल्याशिवाय मला तिच्यावर आडवे होता येईना. कपाट तीनदा उघडून हुंगले. सकाळी खोली आवरायला आलेल्या मुलीने पाहिले, तर पलंग मी आधीच नीट करून ठेवलेला. ती हसून म्हणाली, "बाय, तुमी हॉटेलातल्याच मां?" ती दोडामार्गची निघाली, म्हणजे आमच्या डिचोलीच्या शेजारची. मी तिला दमटपणाविषयी विचारले. तिने कुठल्याही यंत्राचे किंवा औषधाचे नाव घेतले नाही, तळहात उलटा करून उशीला लावला आणि म्हणाली, "नाकाक सवय होता, हाताक नाय." तिच्या दृष्टीने ते इतके साधे होते की लगेच ती न्हाणीघराकडे वळली.

गोव्यात परतले ती संध्याकाळ मी विसरणार नाही. पाऊस इतका कोसळत होता की टॅक्सीवाल्याने मागच्या फाटकाकडे न जाता गाडी थेट पुढच्या पोर्चखाली लावली आणि सामानासह मला पाहुण्यांच्या दाराने आत यावे लागले. आत पाऊल टाकताक्षणी वास आला. ओल्या गोणपाटासारखा, जुन्या वह्यांसारखा कुबट वास, जिन्याबरोबर वाढत जाणारा. ज्या कपाटात डोके घालून मी त्या बाईंना खोटे पाडले होते, त्याचे दार उघडल्यावर मला अक्षरशः मागे सरकावे लागले. चार दिवस बाहेर राहिल्यामुळे माझे नाक परके झाले होते. मी तत्काळ वही घेतली आणि खोली-खोलीत जाऊन टिपणे केली, हे फार बरे झाले; कारण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो वास मला पुन्हा येईनासा झाला.

कपाट हलवल्यावर मागची भिंत काळवंडलेली दिसली आणि तिला उलटा हात लावला तर ती थंडगार, ओलसर लागली. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि चुना ते हळूहळू हवेत सोडून देतो. जुन्या घरांचे सारे गणित यावर चाललेले असते. चार वर्षांपूर्वी त्या गिलाव्यावर चकचकीत प्लास्टिक रंग दिला गेला. बाहेरची पन्हळ फुटल्यावर भिंतीत शिरलेल्या पाण्याला आतल्या बाजूने निघायला वाटच उरली नाही. त्यात पाहुणे वातानुकूलन 18 वर ठेवत, त्यामुळे त्या गार भिंतीला खोलीतल्या दमट हवेनेही घाम फुटत असे, आणि पाठीशी चिकटून उभ्या असलेल्या सागवानी कपाटामुळे तिथे वारा म्हणून लागत नसे. हा रंग पुसायला सोपा म्हणून मीच निवडला होता. हे पात्रांवांना सांगायला मला दोन दिवस लागले.

आता दिवाडीच्या एका वृद्ध गवंड्याने तो रंग खरवडून काढला आहे, पन्हळ बदलली आहे आणि चुना द्यायचा तो भिंत सुकल्यावरच, असा त्याचा आग्रह आहे. पुण्याच्या बाईंना मी सविस्तर पत्र लिहून त्यांचेच बरोबर होते हे कळवले. उत्तर आलेले नाही, आणि ते यावे अशी अपेक्षाही मी धरलेली नाही. ती खोली आम्ही अजून कोणाला देत नाही. रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक मुलीने गणवेश चढवण्याआधी पुढच्या दाराने आत येऊन आधी त्या खोलीचे दार उघडायचे आणि दाराशी टांगलेल्या वहीत वास आहे की नाही एवढेच लिहायचे, असा नियम मी केला आहे. परवा वाळपईहून आलेल्या मुलीने 'आहे' असे लिहिले आणि खाली स्वतःहून जोडले, 'पण थोडा.'