फो गा: हलके काय आणि जड काय

व्हिएतनाममध्ये सकाळच्या न्याहारीला खाल्ले जाणारे ‘फो गा’, म्हणजे कोंबडीच्या सूपमधील तांदळाच्या चपट्या नूडल्स, मी अनेकदा घरी करते. त्याच्या हलकेपणाचे कारण कृतीतच आहे. आले आणि कांदा तेलात न परतता थेट विस्तवावर भाजतात, फोडणी मुळीच नसते, आणि मंद आचेवर उकळणाऱ्या पाण्यावर आलेली चरबी वरचेवर काढून टाकतात. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे हे आपल्या गोड्या मसाल्यातले जिन्नस येथे केवळ सुगंधापुरते येतात.

२०० ग्रॅम शिजलेल्या नूडल्समधून सुमारे २१५ कॅलरी मिळतात, पण प्रथिने जेमतेम ४ ग्रॅम आणि तंतुमय भाग २ ग्रॅमच्या आसपास. म्हणून वाटीतले खरे पोषण कोंबडीवर अवलंबून असते: कातडी काढलेल्या छातीच्या ७५ ग्रॅम शिजलेल्या मांसात सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. हाडांच्या पाण्याला लोक देतात तेवढे श्रेय मात्र मी देणार नाही, कारण त्यात उतरणाऱ्या जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते आणि हाडांतले कॅल्शियमही फारच थोडे उतरते.

मला खरी काळजी वाटते ती मिठाची. माशांपासून आंबवून केलेल्या ‘न्युक माम’ या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. पोटाला हलके वाटणारे हे सूप रक्तदाबाच्या रुग्णाला जड जाऊ शकते, आणि ही गोष्ट चवीवरून पटकन लक्षात येत नाही, कारण लिंबाचा आंबटपणा आणि मसाल्याचा वास खारटपणा झाकून टाकतात.

उत्तरेकडील हनोईची वाटी साधी असते, कांद्याची पात आणि कोथिंबीर एवढीच. दक्षिणेत मात्र मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची सुगंधी पाने आणि लिंबू वेगळ्या ताटलीत देतात. चवीला मला हनोईची वाटी आवडते, पण पोषणाच्या बाबतीत मी दक्षिणेच्या बाजूची आहे. म्हणून हल्ली मी नूडल्स १५० ग्रॅमवर आणल्या आहेत, गरम पाण्यातून काढलेले मूठभर मोड वाढवले आहेत, सॉस पातेल्यात न घालता प्रत्येकाच्या वाटीत अर्धा लहान चमचा घालते आणि घरातील रक्तदाब असलेल्या माणसांना तळाचे पाणी तसेच ठेवायला सांगते.